मुकादम दारात येतो, बँक का येत नाही?



सिरसाळ्याच्या एका ताईंचे पत्र आले आहे. चार पानी आहे. ताई सांगत गेल्या आणि मुलीने लिहून काढले, असे दिसते. अक्षर फार स्वच्छ आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आपण पाळू. पत्रातली हकीकत मात्र एकट्या त्यांची नाही. परळी, धारूर, वडवणी, माजलगाव, केज अशा कितीतरी भागांतल्या घरांची ती आहे, म्हणून आजचा स्तंभ त्या पत्रालाच दिला आहे.

हकीकत अशी. दर रविवारी विहारात वंदनेला जमणाऱ्या अकरा जणींनी मिळून बचत गट काढला. महिना शंभर रुपये. गटाची पेटी, वही, शिक्का सारे आहे. अकरापैकी सात जणी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात आणि चैत्रात परत येतात. तीन वर्षे गट चालला. एकमेकींना दिलेला पैसा एकीनेही बुडवला नाही. यंदा त्या कर्ज मागायला बँकेत गेल्या. साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, "बाई, सहा महिने बैठका आहेत, सहा महिने नाहीत. गट नियमित नाही." वही परत मिळाली.

त्याच आठवड्यात मुकादम घरी आला. ओट्यावर टेकला, चहा घेतला, मुलीला कितवीत आहेस म्हणून विचारले आणि एक लाख रुपये मोजून गेला. पैसे ताईंच्या नवऱ्याच्या हातात दिले. त्यातले निम्मे मागच्या दुखण्याच्या देण्यात आणि घराच्या पत्र्यात गेलेही. मुलगी दहावीला आहे. ताई विचारतात, "उचल परत करता येईल का? आणि आमचा गट खोटा होता का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमचा गट खोटा नव्हता, ताई. जो गट तीन वर्षांत एक पैसा बुडवत नाही, त्याला अनियमित म्हणणारी मोजपट्टीच दुसऱ्या कोणाच्या मापाची आहे.

ही मोजपट्टी कुठून आली ते समजून घ्या. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा ५०० गटांपासून सुरुवात झाली होती. पुढे देशभर लाखो गट झाले. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि नंतर 'उमेद' अभियानाने गावोगाव गट उभे केले. गट चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी पंचसूत्री आली: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. पाचही गोष्टी चांगल्या आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण 'नियमित' म्हणजे दर आठवड्याला किंवा दर महिन्याला, बाराही महिने, त्याच गावात, हे कोणी ठरवले? ज्याला एक तारखेला पगार मिळतो त्याचे वर्ष बारा सारख्या महिन्यांचे असते. कोयत्यावर जाणाऱ्या घराचे वर्ष दोन तुकड्यांचे असते, गावातले आणि फडावरचे. तेलगावला कारखाना असूनही आपली माणसे कोल्हापूर, सांगली, बेळगावपर्यंत जातात. तिथे कोपीत पहाटे उठून मोळ्या बांधणारी बाई सिरसाळ्याच्या विहारातल्या बैठकीला सही करायला कशी येणार?

आणि बँकेला हंगाम कळत नाही असेही नाही. शेतकऱ्याला पीककर्ज देताना बँक दर महिन्याला हप्ता मागत नाही. पीक निघाले, विकले, की फेडा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शेतकऱ्याला व्याजही पडत नाही. हे योग्यच आहे, शेतकरी जगलाच पाहिजे. पण उसाला हंगाम असतो हे ज्या बँकेला मान्य आहे, तिला ऊस तोडणाऱ्या हातांनाही हंगाम असतो हे मान्य नाही! पीककर्जाला सातबारा लागतो. आपल्याकडे बहुतेकांना सातबारा नाही. गायरान कसणाऱ्यांचे तर विचारूच नका. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी मराठवाड्यात कितीतरी घरे अजून जमीन कसतात आणि कागदावर अतिक्रमणदार म्हणूनच राहतात. ज्या जमिनीवर नाव नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. मग उरते काय? आपले हात. आणि हातांवर कर्ज देणारा एकच माणूस असतो, मुकादम.

आता मुकादमाकडे नीट पाहा. तो आपला शत्रू म्हणून दोन शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्याचे चालते का? कारण त्याला आपले वर्ष पाठ आहे. शाळा सुरू होते, पेरणी असते, दुखणी येतात आणि काम नसते, त्याच दिवसांत तो येतो. तो दारात येतो. अर्ज, दोन फोटो, जामीनदार, झेरॉक्स, 'उद्या या' असले काही नाही. रक्कम एकदम हातात मिळते. फेड कामातून होते, हप्त्याची तारीख चुकण्याची भीती नसते. आणि काउंटरच्या पलीकडून आडनाव वाचून आवाज बदलणारे कोणी नसते. ही गोष्ट लहान समजू नका. बँकेत गेल्यावर 'तिकडे उभ्या राहा' ऐकलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही.

हे सगळे तो बरोबर करतो. चुकीचे काय, ते हिशेबात दिसते. तो हिशेब ताईंच्या मुलीने वहीत मांडून पाहावा.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनामागे साधारण ३६६ रुपयांवर गेला. एक लाखाची उचल फेडायला या दराने सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. नवराबायको म्हणजे एक कोयता. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडले तर १३७ दिवस होतात. म्हणजे साडेचार महिने, एकही दिवस न चुकवता, एकही दिवस न आजारता. यात आठवड्याची खर्ची धरलेली नाही. तीही याच हिशेबातून कापली जाते. खाड्याचा दंड धरलेला नाही. आणि अलीकडे ऊस कमी असला की कारखाने तीन-साडेतीन महिन्यांतही बंद होतात. मग काय उरते? बाकी. ती पुढच्या वर्षीच्या वहीत जाते, काही ठिकाणी तिच्यावर व्याजही चढते, आणि पुढच्या वर्षी मुकादम दारात येतो तेव्हा विचारायला येत नाही, न्यायला येतो.

शिवाय वहीत ताईंचे नाव नाही. अर्धा कोयता त्यांचा आहे, पण उचल नवऱ्याच्या नावावर आणि नवऱ्याच्या हातात. खाडा मात्र दोघांच्या नावावर पडतो. पाळी असो, ताप असो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली, पाहणीत ८० हजारांहून अधिक बायांची माहिती घेतली गेली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये ही त्या मागची एक भीती होती, आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला कित्येकींनी पुन्हा उचलच घेतली. घरातला पैसा आणि बाईचे शरीर यांचा संबंध याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्या धम्मात या विषयाला जागा आहे, हे थोडे थांबून सांगते. काही जणांना वाटते, धम्म म्हणजे वंदना आणि पैशाची गोष्ट म्हणजे संसार. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, निर्दोष वागण्याचे, आणि त्यांतच एक 'अनण सुख', म्हणजे कोणाचे ऋण नसण्याचे सुख. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत: एक खाण्यापिण्याला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला राखून. आता हे दोन्ही उपदेश सुखवस्तू गृहस्थांना केलेले आहेत, हेही खरे. ज्या घरात सारी मिळकत उचल फेडण्यातच जाते, तिथे चार वाटे कशाचे करणार? पण चौथा वाटा, अडीअडचणीचा, तोच मुकादम आपल्याला आगाऊ विकतो.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. त्यांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात विमा हा सरकारचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीने उतरवावा अशी मागणी केली होती, हे मात्र कमी ऐकू येते. अडीअडचणीची सोय सावकाराच्या मर्जीवर राहू नये, ती हक्काने मिळावी, हा त्यामागचा विचार होता.

बँक माणसाच्या मापाची करता येते का? येते. लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड आहे. बीडसारखाच दुष्काळी भाग. तिथल्या बायांना पैसे ठेवायला बँक हवी होती. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायांपैकी अनेक जणी अंगठेबहाद्दर होत्या. बाया गावी परतल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, तुमच्या माणसांनी यंत्रावर व्याज काढावे, आम्ही तोंडी काढतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना सिन्हा यांचा त्यात पुढाकार होता. या बँकेची माणसे बाजारात, बायांच्या पाटीपर्यंत जाऊन पैसे गोळा करतात, कारण भाजी विकणारी बाई पाटी टाकून बँकेत येऊ शकत नाही.

आदिवासी भागातही शासनाला एकदा ही गोष्ट समजली होती. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा सावकार धान्य देऊन पुढचे पीक किंवा मजुरी बांधून घेतो. हे थांबावे म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झाले. उपाशी महिन्यांसाठीच असलेले हे कर्ज थोडे धान्यात, थोडे रोख मिळे. अंमलबजावणीत घोळ झाले, कर्ज थकले, योजना बंद पडली आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात कुटुंबाला ४ हजारांचे खावटी अनुदान म्हणून परत आली. योजनेत दोष असतील, पण कोणत्या महिन्यात माणूस सावकाराकडे जातो हे तिने ओळखले होते. ऊसतोड मजुरांसाठी तसे अजून कोणी ओळखलेले नाही.

परदेशातले एक उदाहरण वाचनात आले ते सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत माँटाना राज्यात ब्लॅकफीट नावाच्या मूळनिवासी जमातीचे राखीव क्षेत्र आहे. तिथल्या ब्राउनिंग गावातली बँक बंद झाली. जमातीच्या खजिनदार एलुईज कोबेल या बाईंनी पुढाकार घेतला आणि १९८७ साली जमातीच्या मालकीची बँक काढली. पुढे इतर जमाती सामील होऊन २००१ मध्ये तिची नेटिव्ह अमेरिकन बँक झाली. याच बाईंनी १९९६ साली सरकारवर दावा लावला, की आमच्या जमिनींचे उत्पन्न तुम्ही आमच्या नावाने सांभाळता, त्याचा हिशेब दाखवा. तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, सरकारला ३४० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

आपल्या जिल्ह्यातही या वाटेने गेलेली माणसे आहेत. गायरानाच्या लढ्यातले अ‍ॅड. एकनाथ आवाड यांना बीड जिल्ह्यात कोण ओळखत नाही? मानवी हक्क अभियानातून त्यांनी जमिनीचा प्रश्न उचलला, २००६ साली हजारोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामातूनच सावित्रीबाई फुले म्युच्युअल बेनिफिट ट्रस्ट ही बचत गटांच्या महिलांची संस्था उभी राहिली. जमीन मिळाली तरी बी-बियाण्याला पैसा सावकाराचाच असेल तर जमीन फार दिवस टिकत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

एक इशाराही द्यायला हवा. 'आपल्या दारात येते' म्हणून कोणतीही संस्था आपली होत नाही. आता दर आठवड्याला दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या आहेत. बायांचे गट करतात, पटकन कर्ज देतात, आणि हप्ता चुकला तर बाकीच्या बायांना तिच्या दारात बसवतात. आठवड्याचा हप्ता भरायला उचल, असेही चालू आहे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम सांगतात की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नये, तारण घेऊ नये, वसुलीला धाकदपटशा करू नये. तक्रार करायची तर रिझर्व्ह बँकेचा लोकपालाचा फोन १४४४८ आहे. आणि जास्त व्याजाच्या आशेने मल्टिस्टेटमध्ये पैसे ठेवलेल्यांचे बीड जिल्ह्यात काय झाले, ते प्रत्येक गावाने पाहिले आहे.

आता ताईंच्या गटाबद्दल. माझे मत असे, की गट मोडू नका, त्याचे वर्ष बदला. ठराव करून वहीत लिहा की आमच्या गटाचा हंगाम दोन भागांचा आहे. गावात राहणाऱ्या चौघींपैकी एकीकडे वही असेल. कोयत्यावरच्या सात जणी एकाच टोळीत असतील तर फडावरच रविवारी बसायचे, वाढे विकून हाती येणाऱ्या पैशातून बचत करायची, आणि ती जनधनच्या खात्यातून गटाच्या खात्यात टाकायची. खाते बाईच्या नावावरच हवे. टोळ्या वेगळ्या असतील तर फोनवरून एकमेकींना सांगायचे आणि तारीख वहीत चढवायची. कर्ज श्रावण-भाद्रपदात द्यायचे, परतफेड चैत्रात, जयंतीच्या आधी. जयंतीच्या वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही, पण गटाचा हप्ता आधी आणि डीजेची वर्गणी नंतर. मला विचाराल तर डीजेची नकोच.

मग ही वही घेऊन पुन्हा बँकेत जा. चौघीच नको, अकराही जणी जा, 'उमेद'च्या समूह संसाधन व्यक्तीला बरोबर घ्या. मागणी स्पष्ट ठेवा: हंगामी परतफेडीचे कर्ज. गटाला दहा लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू शकते, तारण मागितले तर कोणत्या नियमाने ते लेखी मागा. नकार दिला तर नकारही लेखी मागा. दोनदा नाही म्हटले तरी तिसऱ्यांदा जा. म्हसवडच्या बायाही पहिल्या फेरीत परत आल्या होत्या.

राहिला उचलीचा प्रश्न. निम्मी खर्च झाली आहे, म्हणून पूर्ण परत करणे आज जमणार नाही, उगीच खोटी आशा दाखवत नाही. पण उरलेली पन्नास हजार परत केली तर १३७ दिवसांचे ६९ दिवस होतात. नवऱ्याशी बोला, रागाने नको, हिशेब पुढे ठेवून. वर्षाच्या शेवटी बाकीसाठी माणूस अडकवून ठेवला, मारहाण केली, गावी येऊ दिले नाही, तर ती १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरते. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र ग्रामसेवकाकडून करून घ्या.

मुलीला फडावर नेऊ नका. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे २०२१ साली मंजूर झाली आहेत. समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन जवळचे कोणते सुरू आहे आणि जागा आहे का, ते याच आठवड्यात विचारा. जागा नसेल तर गटातल्या गावी राहणाऱ्या चौघींपैकी कोणाच्या तरी घरी दहावीचे वर्ष काढता येईल. शंभर रुपयांच्या बचतीवर तीन वर्षे एकमेकींवर विश्वास ठेवलात, तो इथे कामी येईल.

आणि कोयत्यावर जाण्याआधी मुलीकडून एक वही आखून घ्या. तारीख, किती टन, खर्ची किती, खाडा किती, उचलीतली बाकी किती, असे पाच रकाने. रोज संध्याकाळी मुकादमाने आकडा सांगितला की त्याच्यासमोर भरायचा. तुम्हाला आकडे येतात, पत्रात लिहिले आहे तुम्ही. रेघा मात्र मुलीनेच माराव्यात, तिचा हात सरळ आहे.